विधेयक ८२ आणि विधेयक ५१ : जेफरसनचं धर्मस्वातंत्र्य आणि जेफरसनचे गुलाम

रानजाई

थॉमस जेफरसनने आपल्या थडग्यावर काय कोरायचं ते स्वतःच लिहून ठेवलं होतं. तीनच गोष्टी : अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक, व्हर्जिनियाच्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा लेखक आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचा जनक. दोनदा राष्ट्राध्यक्ष होता, त्याचा उल्लेखही नाही. याच माणसाने आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. त्याचा विषय निघाला की चर्चा ‘तो काळच तसा होता’ आणि ‘सगळं ढोंग’ या दोन टोकांना जाऊन अडकते. मला इथे एका कागदांच्या गठ्ठ्याबद्दल बोलायचं आहे. माझ्या मते सगळं उत्तर त्यात आहे.

१७७६ मध्ये व्हर्जिनियाने इंग्रज राजवटीचे कायदे तपासून नव्याने लिहायला समिती नेमली. काम मुख्यतः तिघांनी केलं : जेफरसन, त्याचे कायद्यातले गुरू जॉर्ज विथ आणि एडमंड पेंडलटन. १७७९ मध्ये त्यांनी १२६ विधेयकं सभागृहापुढे ठेवली. त्यातलं ८२ क्रमांकाचं धर्मस्वातंत्र्याचं. ५१ क्रमांकाचं गुलामांविषयीचं.

आधी ८२. व्हर्जिनियात अँग्लिकन चर्च, म्हणजे इंग्लंडचं अधिकृत चर्च, हे सरकारी चर्च होतं. तुम्ही त्या चर्चची पायरी चढा वा न चढा, त्याच्या खर्चासाठी कर भरायचाच. पाद्र्यांचा पगार तंबाखूच्या वजनात ठरलेला असे. बाप्टिस्ट या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या उपदेशकांना विनापरवाना प्रवचन केलं म्हणून तुरुंगात डांबत. कल्पेपरच्या तुरुंगातून जेम्स आयर्लंड नावाचा उपदेशक खिडकीच्या गजांतून बाहेर जमलेल्या लोकांना प्रवचन देत असे. शेजारच्या परगण्यात पाच-सहा भली माणसं अशी कोंडून ठेवली आहेत, असं २२ वर्षांचा जेम्स मॅडिसन, जेफरसनचा पुढचा साथी, १७७४ मध्ये मित्राला संतापून लिहितो.

जेफरसनचं विधेयक म्हणत होतं : कुणालाही कुठल्याही उपासनेला जायची किंवा तिच्यासाठी पैसे द्यायची सक्ती नको, धर्ममतांमुळे कुणाला त्रास नको, आणि नागरी हक्कांचा धर्ममतांशी संबंध नको. ज्या मतावर माझा विश्वास नाही त्याच्या प्रचाराला माझ्याकडून पैसे काढणं हे त्याने पाप आणि जुलूम म्हटलं आहे. त्याच्याच व्हर्जिनियावरच्या टिपणांतलं प्रसिद्ध वाक्य आहे : शेजारी वीस देव मानतो की एकही मानत नाही, त्याने ना माझा खिसा कापला जातो, ना माझा पाय मोडतो.

विधेयक १७७९ मध्ये अडलं. १७८४ मध्ये पॅट्रिक हेन्रीने ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी सर्वांवर कर बसवायचा घाट घातला, तेव्हा मॅडिसनने त्याविरुद्ध निवेदन लिहिलं, गावोगावचे अर्ज आले, कर बारगळला. तीच संधी साधून मॅडिसनने जुनं ८२ बाहेर काढलं आणि १६ जानेवारी १७८६ रोजी ते मंजूर झालं. जेफरसन तेव्हा पॅरिसला अमेरिकेचा राजदूत होता.

आता ५१. हे विधेयक म्हणजे बहुतांशी जुन्याच गुलामी कायद्यांची मांडामांड होती. अमुक तारखेनंतर जन्मणारी मुलं मोकळी, आणि मोठी झाली की त्यांची देशाबाहेर वसाहत, अशी एक दुरुस्ती तयार होती. ती मांडलीच नाही. म्हातारपणी आत्मचरित्रात जेफरसन कारण देतो, की लोकमत ते सहन करणार नव्हतं, आणि आजही करणार नाही.

मी इथेच अडते. १७७९ मध्ये लोकमत ८२ तरी कुठे सहन करत होतं? तरीही ते मांडलं, पडलं, सात वर्षं धरून ठेवलं, मंजूर करून घेतलं. कायदा लोकमताच्या पुढे जाऊन कसा करायचा हे त्या काळच्या अमेरिकेत जेफरसन-मॅडिसन जोडीइतकं कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

आणि हे पाहा. १७८५ च्या नोव्हेंबरात मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाकडून गुलामांच्या मुक्ततेसाठी अर्ज आला. तो एकमताने फेटाळला गेला. तत्त्व मान्य असल्याचं काही प्रतिष्ठित सदस्य उघड बोलले, तेवढंच. मॅडिसननेच जॉर्ज वॉशिंग्टनला हे कळवलं. त्यानंतर दोन महिन्यांनी, त्याच अधिवेशनात, त्याच सभागृहाने धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर केला.

वाटसरू

रानजाई, लेख आवडला, पण निकाल फार लवकर देताय असं वाटतं. जेफरसनने प्रयत्नच केला नाही असं चित्र उभं राहतं, ते बरोबर नाही.

१७६९ मध्ये सभागृहात नवखा असताना त्याने रिचर्ड ब्लँडला पुढे करून गुलाम मुक्त करणं सोपं व्हावं असा प्रस्ताव आणवला. ब्लँड ज्येष्ठ, सर्वांना आदरणीय. त्यालाही देशाचा शत्रू म्हणेपर्यंत मजल गेली. १७७० मध्ये सॅम्युएल हॉवेल नावाच्या मिश्र वंशाच्या माणसाचा खटला त्याने लढवला आणि कोर्टात सांगितलं, की निसर्गाच्या कायद्याने सगळी माणसं मोकळीच जन्मतात. खटला हरला. जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापारावर जळजळीत परिच्छेद होता, तो काँग्रेसने काढला. १७८४ मध्ये पश्चिमेच्या नव्या प्रदेशात १८०० नंतर गुलामगिरी नको, हे कलम त्याने घातलं; ते एका मताने पडलं. न्यू जर्सीचा एक प्रतिनिधी आजारी नसता तर इतिहास वेगळा झाला असता. आणि १८०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून बाहेरून गुलाम आणण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही त्याचीच.

इतकं करणारा दुसरा मळेवाला दाखवा.

रानजाई

वाटसरू, यातलं काहीच नाकारत नाही. उलट ही यादी माझंच म्हणणं पुढे नेते. तारखा पाहा : १७६९, १७७०, १७७६, १७८४. या चाळिशीच्या आतल्या किंवा जेमतेम चाळिशीतल्या माणसाच्या लढाया आहेत. पुढच्या ४० वर्षांत तो सत्तेच्या शिखरावर पोचला आणि हळूहळू गप्प झाला. १८०७ चा कायदा महत्त्वाचा आहेच, पण देशाच्या आतला व्यापार त्याने थांबला नाही. बाहेरची आवक बंद झाल्यावर व्हर्जिनियातल्या माणसांना दक्षिणेत जास्तच भाव आला.

त्यातही १७६९ बद्दल एक गोष्ट राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘व्हर्जिनिया गॅझेट’मध्ये जेफरसनच्या नावाने जाहिरात आहे : सँडी नावाचा, चांभारकाम जाणणारा गुलाम पळाला आहे, पकडून देणाऱ्यास ४० शिलिंग.

कृष्णाकाठ

‘इतकं करणारा दुसरा मळेवाला दाखवा’ म्हणालात, म्हणून लिहितो. रॉबर्ट कार्टर. व्हर्जिनियातल्या सर्वांत श्रीमंत घराण्यांपैकी एक, नॉमिनी हॉल या मळ्याचा मालक. हा माणूस १७७८ मध्ये बाप्टिस्ट झाला, म्हणजे ज्यांना तुरुंगात टाकत होते त्यांच्यात जाऊन बसला, गुलामांच्या बरोबरीने प्रार्थनेला. १७९१ मध्ये त्याने रीतसर दस्त केला आणि साडेचारशेहून जास्त लोकांना टप्प्याटप्प्याने मुक्त केलं. १७८२ पासून व्हर्जिनियात मालकाला स्वतःचे गुलाम मुक्त करण्याची कायद्याने मुभा होती. कार्टरने लोकमताची वाट पाहिली नाही. शेजाऱ्यांचा रोष पत्करला.

बाप्टिस्टांचा धागा इथे पकडायला हवा, कारण ८२ मंजूर व्हायला सर्वांत मोठं बळ त्यांचंच होतं. १७७६ मध्ये त्यांच्या अर्जावर दहा हजार सह्या होत्या. त्यांच्यातलाच जॉन लेलँड. १७९० मध्ये व्हर्जिनियाच्या बाप्टिस्ट समितीसमोर त्याने ठराव मांडला, की गुलामगिरी म्हणजे निसर्गदत्त हक्कांचं हिंसक अपहरण आहे. पुढे तो मॅसॅच्युसेट्समध्ये चेशायरला गेला. तिथल्या शेतकऱ्यांनी जेफरसनच्या सन्मानार्थ १२३५ पौंडांचं एक चीज बनवलं आणि लेलँडने ते १ जानेवारी १८०२ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या घरी पोचवलं. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, की हे चीज स्वतंत्र शेतकऱ्यांनी आपल्या बायकामुलींच्या राजीखुशीच्या मदतीने केलं, एकाही गुलामाचा हात न लागता.

त्याच दिवशी जेफरसनने डॅनबरीच्या बाप्टिस्टांना ते पत्र लिहिलं, ज्यात धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांच्यामधल्या भिंतीचा उल्लेख आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांत ते वाक्य पुढे येत राहिलं. चीजसोबत आलेलं वाक्य फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

हिरवाचाफा

धागा फार माहितीपूर्ण. एक विचारायचं होतं : या कायद्यात आपण, म्हणजे हिंदू, मुसलमान वगैरे धरले होते का, की ख्रिस्ती पंथांपुरताच विचार होता?

रानजाई

चाफाताई, धरले होते, आणि स्पष्ट शब्दांत. चर्चेच्या वेळी काहींनी प्रस्तावनेत येशू ख्रिस्ताचं नाव घालायची दुरुस्ती आणली. ती मोठ्या बहुमताने पडली. जेफरसन आत्मचरित्रात याचा अर्थ सांगतो, की ज्यू आणि गैरज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान, हिंदू आणि कुठल्याही प्रकारचा नास्तिक, सगळे या कायद्याच्या छत्राखाली यावेत असाच हेतू होता. हे नुसतं बोलणं नव्हतं. डिसेंबर १८०५ मध्ये ट्युनिसचा राजदूत जेवायला येणार होता, रमजान चालू होता. जेफरसनने जेवणाची वेळ दुपारी साडेतीनऐवजी सूर्यास्ताची ठेवली. व्हर्जिनियात तेव्हा हिंदू कुठे होते? पण त्यांचा हक्क त्याने गृहीत धरला.

म्हणूनच मला त्याचं दुसरं अंग अधिक खुपतं. न पाहिलेल्या हिंदूच्या मनापर्यंत ज्याची नजर पोचली, त्याला घरातल्या माणसांचं काय दिसलं? व्हर्जिनियावरच्या त्याच टिपणांत काळ्या लोकांच्या बुद्धीबद्दल, त्यांच्या कवितेबद्दल त्याने जे लिहिलंय ते वाचवत नाही. फिलिस व्हीटलीसारख्या कवयित्रीला तो टीकेच्याही लायकीची मानत नाही. १७९१ मध्ये बेंजामिन बॅनेकर या स्वतंत्र काळ्या गणितज्ञाने त्याला जाहीरनाम्यातलीच त्याची वाक्यं पत्रातून परत ऐकवली. उत्तर सभ्य आलं. तेवढंच.

ताम्हण

आम्ही रिचमंडला राहतो. भारतातून कुणी आलं की माँटिसेलोला, जेफरसनच्या घरी, नेणं होतंच. तिथे पाहिलेलं थोडं लिहिते.

जेवणाच्या खोलीत एक दार आहे, उभ्या आसावर फिरणारं. त्याच्या एका बाजूला फळ्या आहेत. बाहेरच्या बाजूने त्या फळ्यांवर गरम पदार्थांची ताटं मांडायची आणि दार फिरवायचं, की जेवण आत येतं, आणणारा माणूस आत येत नाही. शेकोटीच्या दोन्ही अंगांना छोटे पाळणे आहेत, तळघरातून दारूच्या बाटल्या त्यातून वर येत. गाइड हे दाखवतो तेव्हा सगळे कौतुकाने पाहतात, जेफरसनच्या कल्पकतेची तारीफ होते. माझ्या सासूबाईंनी मात्र विचारलं, की मग वाढणारे उभे कुठे राहायचे?

खाली स्वयंपाकघर आहे. जेम्स हेमिंग्ज हा गुलाम पॅरिसला जेफरसनबरोबर जाऊन फ्रेंच स्वयंपाक शिकला. फ्रान्समध्ये तो मुक्ततेसाठी दावा करू शकत होता. परत आल्यावर जेफरसनने १७९३ मध्ये लिहून दिलं, की तुझ्या जागी दुसऱ्याला तयार कर, मग मोकळा करतो. त्याने धाकट्या भावाला, पीटरला शिकवलं आणि १७९६ मध्ये सुटला. पीटर तिथेच राहिला.

बाहेर मलबेरी रो नावाची रांग आहे, तिथे खिळ्यांचा कारखाना होता. दहा ते सोळा वर्षांची मुलं कामाला. कुणाला किती लोखंड दिलं, किती खिळे झाले, किती वाया गेलं याचा हिशेब जेफरसन स्वतः ठेवायचा. २०१८ पासून सॅली हेमिंग्ज या जेफरसनच्या गुलाम बाईसाठी वेगळी खोली केली आहे. १९९८ च्या डीएनए चाचणीनंतर संस्थेने तिच्या मुलांचा बाप जेफरसन असल्याचं मान्य केलं, आता ते आडपडदा न ठेवता सांगतात. गुलामांची दफनभूमी पार्किंगजवळ आहे, चाळीसहून जास्त थडगी, नावाचे दगड जवळजवळ नाहीतच. बहुतेक लोक तिथे न थांबता बसकडे जातात. तुम्ही गेलात तर थांबा.

वाटसरू

ताम्हण, छान लिहिलंत. कृष्णाकाठ, कार्टरचं उदाहरण मान्य.

तरी एक व्यावहारिक बाजू मांडतो. कर्ज. मेला तेव्हा जेफरसनवर १,०७,००० डॉलरच्या आसपास कर्ज होतं. सासऱ्याकडून गुलाम वारशात आले तसं कर्जही आलं. गहाण पडलेली माणसं मुक्त करता येत नव्हती. शिवाय १८०६ च्या कायद्याने मुक्त झालेल्याला वर्षभरात राज्य सोडावं लागे. मोकळं करायचं म्हणजे कुटुंबं तोडायची, असाही पेच होता. १८२० मध्ये तो लिहितो, लांडग्याचा कान हातात धरलाय, धरून ठेवता येत नाही आणि सोडताही येत नाही. मला यात खरी घुसमट दिसते.

उंबर

वाटसरूदादा, कुटुंबं तुटण्याचं म्हणताय म्हणून विचारते, शेवटी झालं काय? जेफरसनने मृत्युपत्रात पाच जणांना मुक्त केलं. जो फॉसेट हा लोहार त्यातला एक. पण बायको ईडिथ आणि मुलं मुक्त नाहीत. जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलोवर १३० माणसांचा लिलाव झाला, त्यात जोची बायकामुलं त्याच्या डोळ्यांदेखत विकली गेली. या ईडिथला राष्ट्राध्यक्षांच्या घरी फ्रेंच पद्धतीचा स्वयंपाक शिकायला ठेवलं होतं. १८०६ मध्ये तिला भेटायला जो पळून वॉशिंग्टन शहरात गेला होता. काही चिथावणी नसताना पळाला, असं जेफरसनने लिहिलं. पकडून परत आणला.

आणि कर्ज. कोश्चुस्को या पोलिश सेनानीने अमेरिकेतला आपला पैसा मृत्युपत्राने ठेवला होता, गुलाम विकत घेऊन मुक्त करण्यासाठी, जेफरसनचे स्वतःचे गुलामसुद्धा. व्यवस्था पाहायची होती जेफरसनने. कोश्चुस्को १८१७ मध्ये वारला, जेफरसनने १८१९ मध्ये ती जबाबदारी नाकारली. मृत्युपत्रं एकाहून जास्त होती, कोर्टकज्जे झाले असते, वयही झालं होतं, हे खरं. पण त्याच १८१९ मध्ये त्याने आपल्या कारभाऱ्याला लिहिलं, की दर दोन वर्षांनी वाढवलेलं एक मूल हे सर्वांत चांगल्या मजुराच्या पिकापेक्षा जास्त नफ्याचं. पुढच्या वर्षी जावयाला तेच : पुरुषाच्या श्रमाचं खाऊन संपतं, बाई जे देते ती भांडवलात भर. लांडग्याच्या कानाचं पत्रही १८२० चंच. दोन्ही एकाच हातचं.

यामागचा कायदा १६६२ चा. व्हर्जिनियात मूल आईच्या स्थितीत जन्मायचं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणीही असो. १६६७ मध्ये त्यात भर पडली, की बाप्तिस्मा घेतला तरी गुलामी सुटत नाही. म्हणजे ८२ च्या शंभराहून जास्त वर्षं आधी तिथल्या सभागृहाने श्रद्धा आणि नागरी स्थिती वेगळी केलेलीच होती, फक्त साखळी घट्ट करण्यासाठी.

आता आपल्याकडचा दुवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात जेफरसनचा आधार घेतला आहे. प्रत्येक पिढी हे वेगळं राष्ट्र समजावं, तिला स्वतःला बांधून घ्यायचा हक्क आहे, पुढच्या पिढीला बांधायचा नाही, हे वचन. बाबासाहेबांनी ते घटनादुरुस्तीच्या संदर्भात वापरलं. मला ते वाचताना १६६२ आठवतो. ज्याला एका पिढीचं कर्जही पुढच्या पिढीवर अन्याय वाटत होतं, त्याच्या वहीत गुलाम आईचं प्रत्येक मूल पुढच्या पिढीचं बांधलेलं माणूस म्हणून लिहिलं जात होतं.

कृष्णाकाठ

उंबर, हा मुद्दा कुठे वाचला नव्हता. आणखी एक दुवा. महात्मा फुल्यांनी १८७३ मधलं ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं, गुलामांच्या मुक्ततेच्या कामी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागासाठी. अर्पण कुणा संस्थापकाला नाही, हे मला लक्षणीय वाटतं. सॅलीचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने ओहायोच्या वृत्तपत्रात आपली हकीकत सांगितली तीही १८७३ मध्येच.

वाटसरू

उंबरताई, १८१९-२० च्या पत्रांपुढे माझ्याकडे उत्तर नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याकडे आता कसं पाहायचं? त्याचं मोल कमी होतं का?

रानजाई

माझ्या दृष्टीने होत नाही. पण तो ‘जेफरसनने दिलेला’ कायदा म्हणून पाहणं मी सोडलं. तुरुंगाच्या खिडकीतून बोलणारे उपदेशक, दहा हजार सह्या, युद्धाच्या काळात पंथापंथांतल्या सैनिकांची लागलेली गरज, या सगळ्यामुळे ८२ पुढे सरकलं. ५१ च्या बाजूने सही कोण करणार होतं? १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियात २,९२,६२७ माणसं गुलाम होती. त्यांना मत नाही, गोऱ्याविरुद्ध कोर्टात साक्ष द्यायची परवानगी नाही. जेफरसन ज्याला लोकमत म्हणत होता, त्यातून ही माणसं आधीच वगळलेली होती. त्यांना धरून मोजलं असतं तर लोकमत काय निघालं असतं?

म्हणून त्या कायद्याचा खरा वारस विचाराल तर मी पीटर फॉसेटचं नाव घेईन, जो आणि ईडिथचा मुलगा. लिलावात उभं केलं तेव्हा तो ११ वर्षांचा होता. परक्या माणसांना विकलं, असं त्याने पुढे सांगितलं. लिहायला-वाचायला शिकला आणि दुसऱ्या गुलामांना चोरून शिकवलं. विकत घेणाऱ्याने बापाला परत द्यायचं वचन मोडलं. १८५० च्या सुमारास नातलगांनी पैसे जमवून सोडवल्यावर सिनसिनाटीला गेला, पळून येणाऱ्यांना वाट दाखवायच्या कामात पडला आणि बाप्टिस्ट पाद्री झाला. १९०० मध्ये माँटिसेलो पाहायला परत गेला होता.

वाटसरू, १८१४ मध्ये एडवर्ड कोल्स या तरुण शेजाऱ्याने जेफरसनला पत्र लिहून मुक्तीच्या कामाचं पुढारपण मागितलं होतं. उत्तर आलं, की हे काम तरुणांचं, मी फक्त प्रार्थना करू शकतो, आणि तू व्हर्जिनिया सोडू नकोस. कोल्सने सोडलं. १८१९ मध्ये आपल्या गुलामांना घेऊन इलिनॉयकडे निघाला, वाटेत त्यांना मुक्त केलं, प्रत्येक कुटुंबाला १६० एकर जमीन दिली. पुढे तिथला गव्हर्नर होऊन राज्यात गुलामगिरी आणायचा डाव १८२४ मध्ये हाणून पाडला. ती हकीकत मोठी आहे, त्याच्यावर वेगळा धागा काढते. कृष्णाकाठ, कार्टरच्या दस्ताबद्दल तुम्ही तिथे सविस्तर लिहाल का? कुणाला कुठल्या वर्षी, कुठल्या वयाला मोकळं करायचं ही त्याची पद्धत कोल्सच्या शेजारी ठेवून पाहायची आहे.